पहिल्या बेसवरचा माणूस आणि ओस पडलेली लीग

शाळेत सॉफ्टबॉल शिकवणाऱ्या एका तरुण प्रशिक्षकांनी विचारलं आहे: "१९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळला आणि अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमधला वर्णभेद संपला, असं आम्ही शिकलो. मग त्याच घटनेने कृष्णवर्णीयांच्या बेसबॉलचं नुकसान केलं असंही काही जण का म्हणतात? त्याला संघात घेणाऱ्या ब्रँच रिकीने हे न्यायासाठी केलं की पैशांसाठी? आणि मुलांना हे सांगायचं कसं?"

मी सव्वीस वर्षं बेसबॉल आणि सॉफ्टबॉल शिकवतो आहे आणि हा विषय माझ्या फार जवळचा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी माझं म्हणणं सांगून टाकतो. १९४७ चं मोल कणभरही कमी नाही. पण 'एकीकरण' म्हटलं की दोन नद्या एकमेकींना मिळाल्यासारखं चित्र डोळ्यांपुढे येतं, ते चुकीचं आहे. गोऱ्यांच्या क्लबांनी कृष्णवर्णीयांच्या लीगमधून एकेक खेळाडू उचलला. सगळ्या क्लबांना मिळून त्याला बारा वर्षं लागली. त्या लीगचे क्लब, मालक, प्रशिक्षक आणि पंच बाहेरच राहिले, आणि बघता बघता ती लीग ओस पडली.

गोष्टीची सुरुवात १९४७ पासून करू नका, १८८४ पासून करा. त्या वर्षी ओहायोतल्या टोलेडो संघात मोझेस फ्लीटवूड वॉकर नावाचा कृष्णवर्णीय कॅचर होता. (कॅचर म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा आणि कुठला चेंडू टाकायचा ते पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, हाताच्या खुणांनी सांगणारा.) तेव्हाची अमेरिकन असोसिएशन आज मेजर लीग म्हणून धरली जाते. म्हणजे रॉबिन्सनच्या ६३ वर्षं आधी एक कृष्णवर्णीय माणूस सगळ्यांत वरच्या पातळीवर उघडपणे खेळत होता. त्याच्याच संघातला पिचर टोनी मुलेन याने पुढे म्हातारपणी कबुली दिली की वॉकर हा आपल्याला मिळालेला सर्वांत चांगला कॅचर होता, पण काळ्या माणसाच्या खुणा पाळायला नकोत म्हणून आपण त्याच्याकडे न बघता मनाला येईल तो चेंडू टाकायचो. जो एकदा तरी कॅचरच्या जागी बसला आहे त्याच्या अंगावर हे वाचून काटा येईल. चेंडू सरळ वेगात येणार की वळणार, हे ठाऊक नसताना तो घ्यायचा. त्या काळी आजच्यासारखा जाड गादीचा ग्लोव्हही नव्हता. उघड्या हाताने, फार तर पातळ चामडं घालून चेंडू अडवायचा. आणि चेंडू टाकणारा आपल्याच संघातला. माझ्याकडे नवीन कॅचर तयार व्हायला लागला की मी त्याला खुणा शिकवायच्या आधी वॉकरची ही हकिकत सांगतो.

वॉकरच्याच बाबतीतला आदल्या वर्षीचा, १८८३ चा प्रसंग रिकीबद्दलच्या प्रश्नालाही लागू पडतो. शिकागोचा कर्णधार कॅप अ‍ॅन्सन संघ घेऊन टोलेडोला आला आणि वॉकर मैदानात असेल तर आम्ही खेळणार नाही म्हणाला. वॉकरचा हात दुखावला होता, त्या दिवशी तो तसाही बसणारच होता. पण टोलेडोच्या व्यवस्थापकाने (बेसबॉलमध्ये मैदानावर संघ चालवणारा तो व्यवस्थापक) अ‍ॅन्सनचं बोलणं ऐकून वॉकरला मुद्दाम आउटफिल्डला, म्हणजे मैदानाच्या लांबच्या भागात, उभं केलं, आणि खेळला नाहीत तर गेटच्या पैशातला वाटा विसरा असं बजावलं. अ‍ॅन्सन खेळला. चार वर्षांनी मात्र वारं फिरलं. १४ जुलै १८८७ ला इंटरनॅशनल लीगच्या क्लबांनी यापुढे कृष्णवर्णीयांशी नवे करार करायचे नाहीत असं मतदान करून ठरवलं. त्याच दिवशी न्यूअर्कमध्ये अ‍ॅन्सनच्या संघापुढे जॉर्ज स्टोव्ही या कृष्णवर्णीय पिचरला उतरवलं गेलं नाही. शतक संपेपर्यंत दारं घट्ट बंद झाली होती.

मेजर लीगच्या नियमपुस्तकात ही बंदी कधीच छापली गेली नाही. १९४२ मध्ये आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांनी तर लेखी किंवा अलिखित असा कोणताही नियम नाही असं जाहीर करून टाकलं. नियमच नाही म्हटल्यावर तो रद्द करा असं सांगायचं कुणाला? मालक आयुक्तांकडे बोट दाखवायचे, आयुक्त मालकांकडे. अलिखित बंदी कशी चालते हे महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

बाहेर ठेवलेल्यांनी आपलं स्वतंत्र घर बांधलं. १३ फेब्रुवारी १९२० ला कॅन्सस सिटीतल्या वायएमसीएच्या इमारतीत रूब फॉस्टर या पिचर-व्यवस्थापक-मालकाच्या पुढाकाराने निग्रो नॅशनल लीग स्थापन झाली. (निग्रो हा त्या काळचा शब्द. लीगच्या नावात असल्यामुळे तसाच ठेवला आहे. मुलांशी बोलताना, आज माणसांसाठी तो वापरत नाहीत, हे आवर्जून सांगा.) या लीगला मेजर लीगची प्रतीक्षायादी समजू नका. सॅचेल पेज, जॉश गिब्सन, ऑस्कर चार्ल्स्टन, कूल पापा बेल ही माणसं तिथे खेळत होती. कॅन्सस सिटी मोनार्क्स १९३० मध्ये ट्रकवर दिव्यांचे खांब लादून गावोगाव प्रकाशझोतातले सामने खेळवत होते. मेजर लीगमध्ये पहिला रात्रीचा सामना त्यानंतर पाच वर्षांनी झाला. शिकागोच्या कोमिस्की पार्कवर दरवर्षी होणाऱ्या पूर्व-पश्चिम सामन्याला चाळिशीच्या दशकात पन्नास हजारांच्या आसपास लोक यायचे. त्या दिवसासाठी लोक सुट्टी काढून, ठेवणीतले कपडे घालून आगगाडीने शिकागोला जायचे. खेळाची पद्धतही वेगळी होती: बंट (बॅट न फिरवता चेंडू हलकेच जवळ पाडणं), चोरलेले बेस (चेंडू मारला जायची वाट न बघता पुढच्या बेसवर, म्हणजे धावेच्या पुढच्या टप्प्यावर, पळणं), धावणाऱ्याचा पिचरला सतत जाच. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग १९४५ मध्येच काय बदललं? युद्ध. लाखो कृष्णवर्णीय तरुण देशासाठी गणवेश घालून गेले होते, आणि परत आल्यावर त्यांना बेसबॉलच्या मैदानावर उतरायला बंदी का, या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नव्हतं. पण प्रश्न आपोआप उभा राहत नाही. पिट्सबर्ग कुरियरचा वेंडेल स्मिथ आणि बाल्टिमोरच्या आफ्रो-अमेरिकनचा सॅम लेसी हे कृष्णवर्णीय पत्रकार, आणि कम्युनिस्टांच्या डेली वर्करचा क्रीडा संपादक लेस्टर रॉडनी, हे वर्षानुवर्षं लिहीत होते, मालकांना पत्रं पाठवत होते, खेळाडूंच्या चाचण्या घ्या म्हणून मागे लागत होते. रिकी आणि रॉबिन्सन यांच्या गोष्टीत ही माणसं झाकली जातात, याचं मला फार वाईट वाटतं. नोव्हेंबर १९४४ मध्ये लँडिस वारले. १९४५ मध्ये न्यूयॉर्क राज्याने नोकरीतल्या वर्णभेदाविरुद्ध कायदा केला. बॉस्टनमध्ये इझाडोर मुकनिक या नगरसेवकाने रविवारच्या सामन्यांच्या परवान्याचा धाक घातला, म्हणून १६ एप्रिल १९४५ ला रेड सॉक्सने फेनवे पार्कवर तीन कृष्णवर्णीयांची चाचणी घेतली: सॅम जेथ्रो, मार्विन विल्यम्स आणि जॅकी रॉबिन्सन. वेंडेल स्मिथच त्यांना घेऊन गेला होता. तिघे खेळून परतले आणि पुन्हा कुणीही बोलावलं नाही. जेथ्रो पाच वर्षांनी त्याच शहरातल्या दुसऱ्या संघाकडून, ब्रेव्हजकडून, वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला. तेव्हा तो तेहतीस वर्षांचा 'नवोदित' होता.

आता रिकी. ब्रुकलिन डॉजर्सचा तो अध्यक्ष आणि भागीदार. न्यायासाठी की पैशांसाठी, या प्रश्नाला माझं सरळ उत्तर आहे: दोन्हींसाठी, आणि यात विसंगती शोधण्यात अर्थ नाही. तरुणपणी तो ओहायो वेस्लियन कॉलेजचा प्रशिक्षक असताना संघातल्या चार्ल्स थॉमस या कृष्णवर्णीय खेळाडूला साउथ बेंडमधल्या हॉटेलने खोली नाकारली होती. तो प्रसंग आपल्याला कधी विसरता आला नाही असं तो सांगायचा, आणि त्यावर अविश्वास दाखवायला मला कारण दिसत नाही. पण हाच रिकी सेंट लुइसला असताना खालच्या लीगमधले क्लब ताब्यात घेऊन शेकडो पोरं स्वस्तात तयार करण्याची पद्धत बसवणारा माणूस होता. चांगला खेळाडू कमी पैशांत कुठे मिळेल हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं, आणि १९४५ मध्ये अशी एकच खाण शिल्लक होती. १९४७ मध्ये ब्रुकलिनच्या मैदानावर हंगामभरात अठरा लाखांहून जास्त प्रेक्षक आले. तो त्या क्लबचा ब्रुकलिनमधला विक्रम ठरला. आणि ज्या कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून त्याने रॉबिन्सनला घेतलं त्यांना त्याने एक डॉलरही दिला नाही. त्या लीगचे करार म्हणजे खरे करारच नाहीत, असं त्याचं म्हणणं. माझ्या मते रिकीवरचा खरा आक्षेप हा आहे. पैसे मिळवले याबद्दल माझी काही तक्रार नाही.

२८ ऑगस्ट १९४५ ला ब्रुकलिनमधल्या कचेरीत झालेली त्यांची भेट प्रसिद्ध आहे. रिकीने तीन तास हॉटेलचा मॅनेजर, पंच, विरोधी खेळाडू यांची सोंगं घेऊन रॉबिन्सनला शिव्या दिल्या आणि उलट हात न उगारण्याचं वचन घेतलं. हे वचन कुणाकडून घेतलं ते बघा. रॉबिन्सन गरीब स्वभावाचा नव्हता. १९४४ मध्ये टेक्ससमधल्या कॅम्प हूडला लष्करात लेफ्टनंट असताना बसमध्ये मागे जाऊन बसायला त्याने नकार दिला, कोर्ट मार्शलला तोंड दिलं आणि निर्दोष सुटला. कॉलेजात चार खेळांत विद्यापीठाचा संघ गाजवलेला, डोक्यात लगेच आग पेटणारा माणूस. त्याला गप्प बसायला सांगितलं गेलं आणि त्याने ते कबूल केलं.

१९४६ चा हंगाम तो डॉजर्सच्या खालच्या मॉन्ट्रियल संघातून खेळला. फ्लोरिडात सरावाच्या वेळी सॅनफर्ड गावातून त्याला धमक्यांमुळे दोन दिवसांत निघावं लागलं. जॅक्सनविलला तर मैदानालाच कुलूप घातलेलं. १८ एप्रिलला जर्सी सिटीत पहिल्या सामन्यात त्याने पाच वेळा बॅट धरली, चार हिट मारले, त्यांतला एक होमरन (एकाच फटक्यात चारही बेस गाठणं), आणि दोन बेस चोरले. हंगामअखेर .३४९ सरासरीने (म्हणजे हजारात ३४९ वेळा हिट) तो लीगमध्ये पहिला आला.

यानंतरचा भाग माझ्या जिव्हाळ्याचा आहे, कारण तो इतिहासाच्या पुस्तकांत एका ओळीत उरकतात. मॉन्ट्रियलला रॉबिन्सन दुसऱ्या बेसवर खेळत होता. ब्रुकलिनच्या दुसऱ्या बेसवर एडी स्टँकी पक्का बसलेला होता, म्हणून १९४७ च्या वसंतात रॉबिन्सनच्या हातात पहिल्या बेसचा मिट (मोठा ग्लोव्ह) दिला गेला. ही जागा तो आयुष्यात जवळजवळ खेळलेलाच नव्हता. १५ एप्रिलला एबेट्स फील्डवर तो मेजर लीगमध्ये उतरला तो याच जागी.

पहिल्या बेसवर उभं राहणं म्हणजे काय ते तुम्ही शिकवता, त्यामुळे तुम्हाला ठाऊक आहे. इतरांसाठी सांगतो. चेंडू मारला गेला की पहिल्या बेसवरचा खेळाडू धावत बेसपाशी येतो, एक पाय बेसच्या कडेला टेकवतो आणि नजर फेकणाऱ्याकडे लावून अंग ताणतो. त्या क्षणी धावत येणारा बॅटर त्याला दिसत नसतो, फक्त ऐकू येत असतो. त्याच्या बुटाला लोखंडी खिळे असतात. त्याचा पाय बेसवर पडतो की टाचेवर, हा दोन-चार इंचांचा मामला आहे. आपल्या सॉफ्टबॉलमध्ये म्हणूनच आता पहिल्या बेसला पांढरी-नारिंगी जोडबेस ठेवतात. धावणारा नारिंगी बाजूवर पाय देतो, क्षेत्ररक्षक पांढऱ्या. १९४७ मध्ये असं काही नव्हतं. माझ्याकडे दुसऱ्या बेसवरचा मुलगा पहिल्या बेसवर टाकला की सुरुवातीचे पंधरा दिवस तो दर चेंडूला पाय कुठे ठेवला आहे ते खाली वाकून बघतो, आणि त्याचा जीव घ्यायला टपलेलं तिथे कुणी नसतं. रॉबिन्सनला ही जागा सहा आठवड्यांत शिकायची होती, आणि ज्या मैदानात अनेकांना तो नकोच होता तिथे. २० ऑगस्टला सेंट लुइसच्या इनोस स्लॉटरचे खिळे त्याच्या पायात घुसले. मुद्दाम केलं नाही असं स्लॉटर शेवटपर्यंत सांगत राहिला. त्याच्या मनातलं आपल्याला कळायचं नाही. पण पाय बेसवर ठेवून नजर दुसरीकडे लावायला रॉबिन्सनला दर वेळी काय करावं लागत असेल ते मला कळतं.

या जागेची आणखी एक गंमत आहे. जो कोणी विरोधी खेळाडू पहिल्या बेसवर पोहोचतो, त्याला पहिल्या बेसच्या खेळाडूशेजारी उभं राहावंच लागतं. दोघांमध्ये हातभर अंतर. शेजारी उभं राहायचं नाही असं ठरवलेल्या माणसांना दिवसातून दहा वेळा त्याच्या शेजारी उभं राहावं लागलं. रिकीने हे योजलं असेल असं मी म्हणत नाही, पण घडलं ते असं.

शिव्यांबद्दल थोडक्यात. २२ एप्रिलला फिलाडेल्फियाच्या बेन चॅपमन या व्यवस्थापकाने आणि त्याच्या डगआउटने, म्हणजे बाकावर बसलेल्या खेळाडूंनी, जे ऐकवलं, त्या दिवशी आपण मोडायच्या बेताला आलो होतो असं रॉबिन्सनने पुढे लिहून ठेवलं आहे. शेवटी स्टँकीच उठून त्यांच्यावर ओरडला. हा स्टँकी सुरुवातीला रॉबिन्सनच्या बाजूचा नव्हता, म्हणून मला त्याचं ओरडणं महत्त्वाचं वाटतं. पी वी रीस या डॉजर्सच्याच गोऱ्या खेळाडूने भर मैदानात रॉबिन्सनच्या खांद्यावर हात टाकला आणि प्रेक्षक गप्प झाले, ही गोष्ट तुम्हाला सगळीकडे भेटेल. दोघांची मैत्री खरी होती. पण १९४७ मध्ये सिनसिनाटीत असं घडल्याचा उल्लेख त्या वेळच्या बातम्यांत सापडत नाही, त्यामुळे मुलांना ती तारीख-वारासकट सांगू नका.

हात उगारायचा नाही म्हटल्यावर राग जाणार कुठे? तो पायांत गेला. रॉबिन्सन बेसवर आला की पिचरचं लक्ष बॅटरवर राहत नसे. दोन पावलं पुढे, थांबायचं, मागे वळल्यासारखं करायचं, पुन्हा पुढे. त्या हंगामात त्याने २९ बेस चोरले आणि २८ वेळा बंट करून सहकाऱ्याला पुढे सरकवण्यासाठी स्वतः बाद झाला. दोन्ही आकडे लीगमध्ये सर्वाधिक होते. सरासरी .२९७, आणि पहिल्यांदाच दिला गेलेला सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार त्याला मिळाला. गोऱ्यांच्या मेजर लीगमध्ये तेव्हा होमरनची वाट बघत बसायची सवय लागली होती. बेस चोरण्याचा हा खेळ निग्रो लीगमधून आला. म्हणजे आत फक्त माणूस आला नाही, त्याच्याबरोबर एक अख्खी शैली आली. १९४९ मध्ये गप्प बसायचं बंधन सुटल्यावर त्याने .३४२ ची सरासरी काढली आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

५ जुलै १९४७ ही तारीखही मुलांना पाठ करायला सांगा. त्या दिवशी लॅरी डोबी क्लीव्हलँडकडून उतरला. (मेजर लीगचे दोन भाग आहेत, नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग. ब्रुकलिन नॅशनलमध्ये होतं, क्लीव्हलँड अमेरिकनमध्ये.) रॉबिन्सनला खालच्या लीगमध्ये तयारीचं एक वर्ष मिळालं होतं, शिवाय दीड वर्ष आधीपासून जाहीर झालेली ओळख होती. डोबी न्यूअर्क ईगल्सकडून खेळता खेळता उचलला गेला आणि दोन-तीन दिवसांत अमेरिकन लीगमधला एकटा कृष्णवर्णीय म्हणून उभा राहिला. काही सहकाऱ्यांनी हातही मिळवला नाही. रॉबिन्सनने जे सोसलं ते सगळं डोबीनेही सोसलं, मात्र त्याच्या मागे ना वार्ताहरांचा घोळका होता ना इतिहासाची टाळी. त्याच्याबद्दल लिहिताना माझा हात नेहमी जड होतो. पुढल्याच वर्षी क्लीव्हलँडने वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, जिंकली. चौथ्या सामन्यात डोबीच्या होमरनने जिंकल्यावर स्टीव्ह ग्रोमेक या गोऱ्या पिचरने त्याला मिठी मारली आणि दोघांचे गाल एकमेकांना भिडलेला फोटो देशभर छापून आला.

बाकीच्या क्लबांनी मात्र काळ काढला. तेव्हा सोळा संघ होते. यांकीजने एल्स्टन हॉवर्डला १९५५ मध्ये घेतलं, फिलाडेल्फियाच्या फिलीजने १९५७ मध्ये, डेट्रॉइटने १९५८ मध्ये. सर्वांत शेवटी आला बॉस्टन रेड सॉक्स, २१ जुलै १९५९ ला, पम्पसी ग्रीनला घेऊन. म्हणजे ज्या संघाने १९४५ मध्येच रॉबिन्सनची चाचणी घेतली होती तोच शेवटचा. या उशिराची किंमत त्यांनी मैदानावर मोजली. १९४९ ते १९५९ या अकरा वर्षांत नॅशनल लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार नऊ वेळा निग्रो लीगमध्ये खेळून आलेल्यांना मिळाला: रॉबिन्सन, कॅम्पनेला तीनदा, विली मेज, न्यूकम, हँक अ‍ॅरन आणि अर्नी बँक्स दोनदा. अमेरिकन लीगमध्ये पहिल्या कृष्णवर्णीयाला तो मिळायला १९६३ उजाडलं.

आत आलेल्यांच्या संख्येवरही अलिखित मर्यादा असायची. तारा असेल तर जागा होती, राखीव बाकावर बसणाऱ्या साधारण खेळाडूसाठी नव्हती. दक्षिणेतल्या खालच्या लीगमध्ये तर वेगळीच लढाई चालू होती आणि ती मुख्यतः अठरा-वीस वर्षांच्या पोरांनी लढली. १९५३ मध्ये हँक अ‍ॅरन जॅक्सनविलकडून खेळताना लीगमध्ये पहिला आला, पण संघ जेवायला हॉटेलात शिरला की त्याला आणि त्याच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना बसमध्ये डबा आणून दिला जाई. हे तेच जॅक्सनविल, जिथे सात वर्षांपूर्वी कुलूप लावलं होतं. सदर्न असोसिएशन नावाच्या लीगमध्ये १९५४ साली नॅट पीपल्स हा एकच कृष्णवर्णीय दोन सामने खेळला. नंतर कुणीही नाही. ती लीग १९६१ च्या हंगामानंतर बंद पडली, पण तिने दार उघडलं नाही.

आणि आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचा गाभा. १९४६ मध्ये न्यूअर्क ईगल्स निग्रो लीगचे विजेते होते. त्या हंगामात त्यांच्या सामन्यांना सुमारे १ लाख २० हजार लोक आले. १९४७ मध्ये ५७ हजार. हडसन नदीच्या पलीकडे, आगगाडीच्या अंतरावर, रॉबिन्सन खेळत होता. ज्या माणसाच्या खिशात आठवड्याला एकाच सामन्याचे पैसे आहेत तो ब्रुकलिनला जाईल नाही तर काय? त्याला दोष देता येत नाही. ईगल्सच्या मालकीणबाई एफा मॅन्ली यांनी डोबीसाठी पैसे मागितले तेव्हा क्लीव्हलँडच्या बिल व्हेकने १५ हजार डॉलर दिले. गोऱ्या खेळाडूसाठी तुम्ही याहून कितीतरी जास्त दिले असते, हे मॅन्लीबाईंनी त्याला तोंडावर सांगितलं. मोनार्क्सचे मालक तर रिकीविरुद्ध भांडूच शकले नाहीत. भांडले असते तर रॉबिन्सनच्या वाटेत आडवे आले म्हणून त्यांचेच प्रेक्षक त्यांच्यावर तुटून पडले असते. १९४८ च्या हंगामानंतर निग्रो नॅशनल लीग संपली. उरलेली निग्रो अमेरिकन लीग कशीबशी साठच्या दशकाच्या उंबरठ्यापर्यंत रेटली गेली.

उलट गोऱ्या मालकांचं या लीगवर आधी पोट भरत होतं. १९४६ मध्ये मालकांच्या एका समितीने गुप्त अहवाल लिहिला होता. यांकीजच्या मालकीची मैदानं निग्रो लीगला भाड्याने देऊन वर्षाला जवळजवळ एक लाख डॉलर सुटतात, हे त्यात नमूद आहे, आणि एकीकरण लांबवण्याच्या कारणांत ते धरलं आहे.

क्लब गेले म्हणजे फक्त मैदानावरचे नऊ जण गेले असं नाही. व्यवस्थापक, पंच, स्कोअरर, बसचालक, तिकीटविक्रेते, त्या मोहल्ल्यांतली हॉटेलं, सामन्यांच्या जाहिरातींवर चालणारी वर्तमानपत्रं, सगळं गेलं. मेजर लीगने यातल्या व्यवस्थापकाला किंवा पंचाला बोलावलं नाही. पहिला कृष्णवर्णीय पंच एमेट अ‍ॅशफर्ड १९६६ मध्ये आला. पहिला व्यवस्थापक फ्रँक रॉबिन्सन, क्लीव्हलँडमध्येच, १९७५ साली. जॅकी रॉबिन्सनने १५ ऑक्टोबर १९७२ ला वर्ल्ड सिरीजच्या वेळी सगळ्या देशासमोर हेच मागितलं होतं, की एक दिवस तिसऱ्या बेसच्या बाजूला संघ चालवणारा काळा चेहरा दिसू दे. नऊ दिवसांनी तो गेला, वय ५३. दुसरा कृष्णवर्णीय व्यवस्थापक कोण होता? लॅरी डोबी, १९७८ मध्ये. तो याही रांगेत दुसराच आला.

इथे मला दर वेळी पळवणकर बाळू आठवतात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा हा चांभार समाजातला गोलंदाज हिंदूंच्या संघाला हवा होता. कर्णधारपद मात्र त्यांना कधी मिळालं नाही. ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांच्याकडे १९२३ मध्ये आलं. देश वेगळा, काळ वेगळा, जात आणि वर्ण याही एकच गोष्टी नव्हेत. पण हातातलं कसब घ्यायचं आणि हुकूम देण्याचा अधिकार रोखून धरायचा, ही रीत दोन्हीकडे ओळखू येते.

वयाने हुकलेल्यांचा हिशेब कुठेच मांडला जात नाही. सॅचेल पेजला १९४८ मध्ये ४२ व्या वर्षी संधी मिळाली. जॉश गिब्सन, ज्याला अनेक जण त्या काळातला सर्वांत भारी बॅटर मानतात, २० जानेवारी १९४७ ला ३५ व्या वर्षी वारला. रॉबिन्सनच्या पहिल्या सामन्याला तीन महिनेही उरले नव्हते. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ मधल्या सात निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा दिला, आणि २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत मिसळले. तेव्हा टाय कॉबला मागे टाकून .३७२ सरासरीने गिब्सन कारकिर्दीतल्या सरासरीत पहिला ठरला. हे आकडे जुन्या वर्तमानपत्रांतली कात्रणं जुळवून वर्षानुवर्षं खपलेल्या माणसांनी उभे केले आहेत. त्या लीगचे कितीतरी स्कोअर कुणी छापलेच नाहीत, त्यामुळे तो हिशेब पुरा होणार नाही.

मुलांना कसं सांगायचं? तुमच्याकडे पाऊण तास असेल तर वर्गात बसू नका, मैदानावर जा. नारिंगी बेस काढून टाका आणि एकेका मुलाला पांढऱ्या बेसवर पाय ठेवून उभं करा. धावणाऱ्याला बिनखिळ्यांच्या बुटांत, सावकाश, बाहेरच्या बाजूने पळायला सांगा. क्षेत्ररक्षकाने मात्र मागे वळून बघायचं नाही. पाच चेंडू पुरे. मग सगळ्यांना सावलीत बसवून रॉबिन्सन सांगा, लगेच डोबी सांगा, १५ एप्रिलला मेजर लीगमधले सगळे रॉबिन्सनच्या ४२ नंबरचा सदरा का घालतात ते सांगा. शेवटी त्यांना १९४७ च्या एखाद्या रविवारी न्यूअर्कच्या रुपर्ट स्टेडियमवर नेऊन सोडा. ईगल्स, गेल्या वर्षीचे विजेते, मैदानात सराव करतायत. तिकिटाच्या खिडकीत बसलेला माणूस रस्त्याकडे बघतोय. त्याला काय दिसत असेल, ते मुलांनाच विचारा.